पोटऱ्या दाबून बघणारा डॉक्टर

मुलगा : ...आणि हा तिसरा. परदेशात शिकून आलाय, गुडघे रोबोटने बसवतो. आठवड्यात पेशंट जिना चढायला लागतो म्हणे.

आई : मग त्याला म्हणावं, रोबोट घेऊन वर ये. मला जिना उतरवत नाही.

मुलगी : आई, दादा सुट्टी काढून आलाय. नीट ऐकून तरी घे.

आई : ऐकतेय की. तिघांकडेही घेऊन गेला मला. तिघेही हुशार असतील. पण तिघांनी एक्स-रेच बघितला. गुडघ्याला हात कोणी लावला?

मुलगा : गुडघा झिजलाय हे कळायला हात कशाला लावायला हवा? तू तीस वर्षं चालत्या बसमध्ये उभी राहून तिकिटं फाडलीस, झिजणारच. आता उशीर नको.

मुलगी : उशीर झालाच आहे. रात्री बाथरूमपर्यंत तिला मी धरून नेते. परत येऊन पडली की तोंडावर उशी घेऊन रडते. तिला वाटतं, मला ऐकू येत नाही.

आई : तू चहाड्या करू नकोस.

मुलगा : बघ. म्हणून म्हणतोय, यातला एक निवड आणि तारीख घेऊ.

आई : यातला नको. माझा ठरलाय.

मुलगा : कोण?

(मुलगी उठून खिडकी लावते.)

आई : तुझ्या बाबांचा खुबा बदलला, तो.

मुलगा : भलत्या गोष्टीत मस्करी करू नकोस.

आई : करत नाहीये.

मुलगा : आई, त्याच्या हातून बाबा गेले.

आई : मला सांगतोस? मी तिथे होते.

मुलगा : (बहिणीला) आणि तू? तुला हे माहीत होतं?

मुलगी : मीच घेऊन गेले तिला त्याच्याकडे. आधी मीही अशीच भांडले. फाटकातूनच परत फिरणार होते.

आई : खाली बस. उभ्याने बोलायला लागलास की तुझा आवाज चढतो. तुम्हा दोघांना एक सांगितलेलं नाही मी. बाबा गेले तेव्हा तू परतीच्या गाडीत होतास, मीच जा म्हटलं होतं. ही घरी आंघोळीला आली होती. मी एकटीच बाहेर बाकावर. एक शिकाऊ डॉक्टर आला, ‘सर येतील’ म्हणाला आणि पळाला. मला वाटलं, आता कशाला कोण येतंय. तर हा आला. माझ्या शेजारी बसला. म्हणाला, पायात रक्ताची गुठळी झाली, ती फुप्फुसात गेली. काल ते पोटरी दुखते म्हणाले होते, मी ऑपरेशनचं दुखणं समजलो. हात लावून बघायला हवं होतं, बघितलं नाही. चूक माझी आहे.

मुलगा : असं तोंडाने म्हणाला? आणि तू गप्प बसलीस? कोर्टात खेचला असता त्याला मी.

आई : गप्प कुठली बसतेय. बसमध्ये दारुड्यांना दिल्या नसतील अशा शिव्या दिल्या त्याला. ऐकत राहिला. उठून गेला नाही. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तू खेचलं असतंस. मला तेव्हा ते पेलणार नव्हतं.

मुलगा : चूक कबूल केली म्हणून कोणी चांगला डॉक्टर होत नाही.

आई : खरंय. म्हणून तर जाऊन बघून आले.

मुलगी : वॉर्डात फिरलो आम्ही. ही काठी टेकत प्रत्येक खाटेपाशी थांबली, तिकीट तपासल्यासारखी. सगळे एकच सांगतात. तो सकाळ-संध्याकाळ स्वतः येतो, पांघरूण बाजूला करतो आणि दोन्ही पोटऱ्या दाबून बघतो. हात मोडलाय त्यांच्यासुद्धा.

आई : एक म्हातारी वैतागली होती. म्हणाली, माझं मनगट मोडलंय, हा मेला पाय काय चाचपतो?

मुलगा : त्याने ओळखलं तुला?

आई : दारातच. म्हणाला, तुम्ही दुसऱ्या कोणाकडे जा, मी चांगली नावं देतो. तुमच्या पायाला हात लावताना माझा हात थरथरेल.

मुलगा : बघ, तोच नको म्हणतोय.

आई : मी म्हटलं, काय थरथरायचं ते आत्ता थरथरून घ्या. मग त्याने माझा गुडघा हातात घेतला. बराच वेळ. नाही थरथरला.

मुलगा : मला नाही जमणार हे, आई. त्या माणसाचं तोंडसुद्धा बघवणार नाही मला.

आई : मलाही कुठे बघवत होतं? पण तो जे शिकला ते तुझ्या बाबांच्या जिवावर शिकला. त्याचा उपयोग सगळ्या वॉर्डाला व्हायचा आणि मला नाही?

मुलगा : आणि पुन्हा तसंच झालं तर?

आई : होऊ शकतं. तोही तेच म्हणाला. तुझ्या तिघांपैकी म्हणालं कोणी?

मुलगा : ...नाही.

मुलगी : काही बिघडलं तर, असं मीही विचारलं होतं त्यांना. तिघेही हसले होते.

मुलगा : तुमचं सगळं ठरलंच होतं, तर मला कशाला बोलावलं?

आई : डॉक्टर निवडायला नाही बोलावलं. त्या बाकावर मी एकटी बसले होते. माझ्या वेळी काही झालंच, तर तो येऊन हिच्या एका बाजूला बसेल. दुसऱ्या बाजूला तू हवास.