पप्पांचा रिजेक्ट झालेला जॉब

हसू नका, पण आमच्या पप्पांचा आयुष्यात एकच जॉब रिजेक्ट झाला, आणि तो केला चार कोंबड्यांनी.

पप्पा नाशिकला, सातपूरच्या एका कंपनीत लेथवर टर्नर होते; मशीनवर बनवलेल्या प्रत्येक वस्तूला ते 'जॉब' म्हणत. ते रिटायर झाले आणि आईने माहेराहून, हरसूलहून, चार गावठी कोंबड्या आणल्या. म्हणाली, "रात्री बसायला त्यांना बाभळीची जाड फांदी आणून द्या, सालीसकट."

"फांदी कशाला? मी बनवतो ना!"

पप्पांनी स्टीलचा पाइप आणला, आरशासारखा पॉलिश केला आणि लेव्हल लावून खुराड्यात बसवला. संध्याकाळी पहिली कोंबडी चढली आणि घसरून खाली आली. मग दुसरी.

पप्पांनी मित्राच्या वर्कशॉपमध्ये नेऊन पाइपावर खरबरीत रेघा पाडून आणल्या. आता पकड आली, पण नाशिकची डिसेंबरची थंडी! स्टील नुसतं बर्फ. चौघी खाली जमिनीवरच अंग चोरून बसल्या.

आई म्हणाली, "माणसाला तरी बसवेल का त्यावर?"

"बसवेल की!"

"मग बसून दाखवा."

पप्पा पाइपाची लेव्हल पुन्हा तपासायला लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई खुराड्याचं दार लावायला गेली आणि किंचाळलीच. कंपनीने निरोपाच्या दिवशी पप्पांना दिलेली शाल, जी आईने डांबरगोळ्या घालून कपाटात जपली होती, ती पाइपाला सुतळीने गच्च गुंडाळलेली. वर चौघी ओळीने बसलेल्या.

"अहो, ही तुमची शाल!"

"हळू बोल," पप्पा कुजबुजले. "जॉब पास झालाय."