निळ्या पेटीबाबत पुरवणी जबाब

मी, श्रीमती लमाई थोंगकेव, वय ५४, धंदा सकाळी कालवलेला भात विकणे, राहणार बान तोंबाई, मंदिरामागे, जिल्हा पट्टानी, दक्षिण थायलंड. आज थुंगलेक पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून फौजदार अनुचा यांच्यासमोर पुरवणी जबाब देते तो असा.

बाजाराच्या कोपऱ्यावर माझा भाताचा ठेला होता. गेल्या वर्षी मार्चमध्ये सकाळी तिथे बॉम्ब फुटला. त्यात माझे पती प्रासित जागीच गेले आणि माझा डावा कान गेला. म्हणून फौजदारसाहेबांना मी उजव्या बाजूला बसायला सांगितले आहे.

माझा पहिला जबाब दवाखान्यात झाला. हेल्मेट घातलेला एक माणूस भात बांधून घेऊन गेला. तो गेल्यावर, स्फोटाच्या जरा आधी, गिऱ्हाइकांच्या बाकाखाली बर्फाची निळी पेटी दिसली. आमची तशी पेटी नव्हती, तेव्हा ती त्यानेच ठेवली असणार, असे मी सांगितले. मला तेव्हा तसेच वाटत होते.

पुढे मायुदिन सामाए, वय २४, रबराच्या झाडांचा चीक काढणारा, याला लष्कराने पकडले. छावणीत असेपर्यंत त्याला वकील किंवा घरचे कोणी भेटले नाही. त्याने गुन्हा कबूल केल्याचे कॅप्टनसाहेब घरी येऊन सांगून गेले. "हेल्मेट, निळी पेटी, बाकाखालची जागा, सगळं ओकला बघा. तुमच्या जबाबाशी तंतोतंत." माझा भाऊ प्रयून म्हणाला, "चांगला सोलून काढलात ना?" कॅप्टनसाहेब हसून म्हणाले, "पाहुणचार केला." मलाही बरे वाटले. ते लपवण्यात अर्थ नाही.

नंतर त्याला जागेवर आणून नेहमीप्रमाणे गुन्हा करून दाखवायला लावले. पोलिसांनी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे सगळा बाजार जमला होता. पोलिसांनी दुकानातून नवी निळी पेटी आणली होती. ती रिकामी होती, तरी त्याला उचलता आली नाही. त्याचे दोन्ही हात खांद्यातून वर जात नव्हते. एका जवानाने पेटी त्याच्या हातांवर ठेवून खालून धरली. फोटोवाल्यांनी जवानाला बाजूला व्हायला सांगितले की पेटी पडे. लोक शिव्या देत होते. मीही दिली, ती इथे लिहू नये.

तो बाकापाशी येऊन थांबला. मी दोरीला लागूनच उभी होते. माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "मावशी, कुठं ठेवू?" मी बोटाने जागा दाखवली. त्याने तिथे ठेवली. मग त्याला माझी माफी मागायला लावले. हात जोडता येईनात, तेव्हा जवानाने कोपरांना धरून ते जुळवले.

हा फोटो पेपरात बघून माझी नणंद चुआन घरी आली.

"वहिनी, ही पेटी कुणाची म्हणतात गं?"

"कुणाची काय? बॉम्बवाल्याची."

"अगं, अशी पेटी तर माझी. त्या दिवशी सकाळी दादाच घेऊन गेला होता, कोळंबी ठेवायला. नंतर गटारात सापडली, मी घासूनपुसून घरी ठेवली. रोज मासे असतात तिच्यात!"

झाकणाला तडा आहे, बाकी पेटी धड आहे. बॉम्ब पेटीत असता तर ती उरली नसती. तळाला चुआनचे नाव रंगाने लिहिलेले आहे. पेटी आज सोबत आणून हजर केली आहे. त्या वेळी मी मागे भात उपसत होते, त्यामुळे नवऱ्याने ती बाकाखाली कधी सरकवली ते मला कळले नाही.

म्हणजे परक्या कोणी निळी पेटी आणलीच नव्हती. ती माझी चूक होती, आणि मायुदिनने माझी चूक कबूल केली आहे. माझा जबाब सोडला तर ही गोष्ट जगात कुठेच नव्हती. ती त्याच्या तोंडी कशी आली, हे कॅप्टनसाहेबांना विचारावे.

हे सांगायला मी आधी छावणीत गेले होते. कॅप्टनसाहेब म्हणाले, "मावशी, पेटी काय अन् पिशवी काय! ही माणसं पाटावर बसवून विचारलं तर बोलतात होय? उद्या शाळेपाशी बॉम्ब असला तर?" मी म्हटले, "मग शाळेपाशीचा विचारायचा होता. एवढं मारून तुम्हाला मिळालं काय? माझ्या नणंदेची माशांची पेटी." पकडल्यापासून कॅमेरा चालू ठेवायचा कायदा आहे, तेव्हा ते चित्रण दाखवा, असेही मी म्हटले. कॅमेरा तेवढे दिवस नादुरुस्त होता, असे उत्तर मिळाले. निघताना ते म्हणाले, "हा सुटला तर आमच्याकडं दुसरा कुणी नाही. नवऱ्याला न्याय नको का तुमच्या?"

घरी प्रयून म्हणाला, "ताई, माणूस आपलं गेलं आणि तू त्या बॉम्बवाल्यांची बाजू घेतेस? मला गावात तोंड दाखवायचंय." त्या दिवसापासून तो माझ्याकडे जेवत नाही.

मायुदिनची दया आली म्हणून मी आले, असे कोणी समजू नये. दया आली, पण राग तिच्याहून मोठा आहे. हा पोपटासारखा बोलायला लागला आणि शोध थांबला. प्रासितला मारणारा आज कुठल्या तरी ठेल्यावर सुखाने भात खात असेल. ज्यांनी याला बोलते केले, त्यांनीच त्या मारणाऱ्याला वाट करून दिली.

फौजदारसाहेबांनी विचारले, "आणि खरा सापडला, तर त्याला मारावं का?" मी म्हणाले, "नको. मारलात की तो जे बोलेल ते मला खरं वाटणार नाही. आणि मला खरंच ऐकायचंय, माझं माणूस का मारलं ते."

जबाब मला उजव्या बाजूने मोठ्याने वाचून दाखवला. त्यात आरोपीला हात उचलण्यास "थोडा त्रास होत होता" असे लिहिले होते. ते खोडून "उचलता येत नव्हते" असे करून घेतले. माझी फिर्याद कायम आहे का, असे विचारले. कायम आहे. फिर्यादी मीच, आणि कोर्टात मायुदिनच्या बाजूची साक्षीदार म्हणूनही मलाच बोलवावे. हे दोन्ही लिहून पुन्हा वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करते.

श्रीमती लमाई थोंगकेव