एक चाक वर

(नागपूर, १९७८. कामठी रोडवरचं गॅरेज. एक जुनी अमेरिकन गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली. मागची दोन्ही चाकं अधांतरी.)

चंपतराव : इंजिन बंद हाये, बाई. गिअरातूनई काढून ठेवली. घाबरू नका, फक्त हे चाक हातानं फिरवा.

अंजनाबाई : घाबरत नाही मी. हात लावायचा नाही मले हिले. माझ्या माणसाले हिनंच त्या भिंतीले दाबलं, मिस्त्री. चौदा वर्षांनी निरोप धाडून बोलावता, अन् म्हणता चाक फिरवा.

चंपतराव : एकडाव फिरवा. मंग जाजा.

अंजनाबाई : घ्या. फिरवलं.

चंपतराव : थांबू नका, फिरवत राहा. अन् वाकून पलीकडचं चाक पाहा.

अंजनाबाई : तेई फिरून राहिलं.

चंपतराव : कोणीकडं?

अंजनाबाई : हे जिकडं, तिकडंच. मंग त्यात काय? गाडीचे चाकं दोन दिशेले जातात का?

चंपतराव : जातात ना बाई. दुसरी कोणतीई गाडी अशी टांगा. एक चाक हातानं फिरवलं का दुसरं उलटं फिरते. अन् एक चाक वर उचललं, एक जमिनीवर ठेवलं, अन् गाडी गिअरात टाकली, तर वरचंच गरगर फिरते. खालचं हलत नाही. गाडी बोटभरई सरकत नाही. मागून घरघर आली का आम्ही असंच करतो. एक चाक उचला, गिअर टाका, कान लावून ऐका. माह्या उस्तादानं असंच केलं, मी असंच केलं.

अंजनाबाई : हे तुम्ही पोलिसालेई सांगितलं होतं. चाक वर होतं म्हणे, गाडी चालूच शकत नाही. अन् मंग साऱ्या वस्तीत सांगत फिरले का गाडीच्या अंगात आलं.

चंपतराव : दुसरं काय सांगू? माह्या डोळ्यानं पाह्यलं मी. हळूच गिअर टाकला, अन् गाडी जॅकवरून उडी मारून सामने गेली. तुमचा देवाजी भिंतीजवळ पाना घ्यायले वाकला होता. ब्रेकवर पाय जाईपर्यंत झालं होतं सारं.

अंजनाबाई : आमच्या घरी भूत मानत नाहीत. छप्पनले दीक्षा घेतली, तव्हा सोडलं ते. म्हणून मी एकच समजली. चाक वर नव्हतंच. मिस्त्री खोटं बोलून राहिले, पिऊन असतीन. अन् लोकं काय म्हणत, मालूम हाये? देवाजी त्या गाडीतच बसून राहते. माझ्या पोरीले, गोपिकेले, पाहायले आलेले पाहुणे चहा न घेता उठून गेले. बाप भूत हाये तिचा, म्हणे.

चंपतराव : चाक वर होतं, अंजनाबाई. माह्या आईची आन.

अंजनाबाई : मंग चालली कशी?

चंपतराव : तेच दाखवाले बोलावलं. ज्याची ही गाडी, त्या खाणवाल्या शेठच्या पोरानं ती विकली. पुण्याचा एक शौकीन हाये, त्याले ही चालती पाह्यजे. मी नाहीच म्हटलं होतं. मंग म्हटलं, मराच्या पहिले एकडाव पोट तर फाडून पाहू हिचं. तो गोळा दिसते ना, दोन चाकांच्या मधातला? तो उघडला. साध्या गाडीत त्यात नुसते दाते असतात. हिच्यात दोन्हीकडून प्लेटा निघाल्या, भाकरीवानी एकावर एक रचलेल्या. त्या दोन्ही चाकांले एकासंग धरून ठेवतात. एक चाक चिखलात फसलं, तर दुसऱ्यानं ओढून निंघावं, म्हणून.

अंजनाबाई : म्हणजे एक वर होतं, तरी जमिनीवरच्यानं ओढली.

चंपतराव : हो. प्लेटा घासून कागदावानी झाल्या होत्या. कामठीच्या लेथवाल्या खराद्याकडून नव्या कापून आणल्या, तेलात भिजवून बसवल्या. सतरा दिवस लागले. अशा प्लेटा नागपुरात मी दुसऱ्या गाडीत पाह्यल्या नाहीत.

अंजनाबाई : मंग तुम्ही खरं बोलत होते.

चंपतराव : हो.

अंजनाबाई : अन् भूत नव्हतं.

चंपतराव : नव्हतं.

अंजनाबाई : चौदा वर्षं मी तुमच्या घरची पायरी चढली नाही. रस्त्यात दिसले तर थुंकली. चुकलं माझं, मिस्त्री. आज जाऊन गोपिकेच्या सासूले सांगीन मी, यंत्र होतं म्हणून. तुम्ही कशाले तोंड लपवता? सुटले ना तुम्ही.

चंपतराव : सुटलो नाही, बाई. भूत होतं तवर मी बरा होतो. ज्योतिषाकडं गेलो, नारळ फोडले, गाडीले शिव्या घातल्या. आता कोणाले शिव्या देऊ?

अंजनाबाई : तुमाले मालूम नव्हतं. दुसऱ्या मिस्त्र्यालेई नसतं समजलं.

चंपतराव : नसतं.

अंजनाबाई : मंग?

चंपतराव : काही नाही. बसा, चहा मागवतो.

अंजनाबाई : चहा नको. ज्यानं गाडी बनवली त्याले तर मालूम असन ना? एवढी महागाची गाडी. त्यानं कुठी लिहून नसन ठेवलं?

चंपतराव : तुम्ही बसा तर खरं.

अंजनाबाई : मिस्त्री, बोला. तुम्ही प्लेटा दाखवाले बोलावलं नाही मले. दुसरं काही हाये.

चंपतराव : डिक्कीच्या झाकणाले आतून एक पट्टी चिकटवली हाये. इंग्रजीत. पुण्याचा माणूस गाडी पाहाले आला, त्यानं वाचून सांगितलं. एक चाक वर असतानी इंजिन चालू करून गिअर टाकू नका, गाडी पळन. असं लिहिलं हाये.

अंजनाबाई : तव्हाबी होती ती पट्टी?

चंपतराव : कंपनीतूनच येते ती.

अंजनाबाई : तुमाले इंग्रजी येत नाही. पण त्याले येत होतं. दिवसभर इथं राबून रात्रशाळेत जात होता तो. मॅट्रिक झाला. घरी साबणाच्या कागदावरचंई मोठ्यानं वाचून दाखवे मले.

चंपतराव : हो.

अंजनाबाई : त्याले दिसली नाही का मंग?

चंपतराव : दिसली, बाई. जॅक काढाले त्यानंच डिक्की उघडली होती. तिथूनच म्हणाला, मिस्त्री, इथं काहीतरी लिहिलं हाये, वाचू का?

अंजनाबाई : अन् तुम्ही?

चंपतराव : मी म्हटलं, कामाले ठेवलं का पोथी वाचाले? जॅक आण.

अंजनाबाई : अन् तो?

चंपतराव : पोरं हसले. तोई हसला, अन् जॅक घेऊन आला. तो शिकून राहिला होता ना, मले सलत होतं ते. चौथी शिकलेला मी उस्ताद, अन् हा मॅट्रिक माह्या हाताखाली. चौदा वर्षं झाले, जॅक हातात घेतला का कानात येते, वाचू का मिस्त्री. मले वाटे भूतच हाये. तो काय वाचणार होता, ते गेल्या महिन्यात समजलं.

अंजनाबाई : हे कोणाले सांगितलं?

चंपतराव : कोणालेच नाही. बायकोलेई नाही. तुम्ही मारा मले. पोलिसात सांगा. मी नाही म्हणणार नाही.

अंजनाबाई : डिक्की उघडा.

चंपतराव : काहून?

अंजनाबाई : उघडा म्हटलं ना. बारा वर्षं झाले, शाळेत आया हाव मी. पोरांचे फळे पुसता पुसता इंग्रजीचीई अक्षरं आली मले. जोडून जोडून का होईना, येते वाचता.

चंपतराव : बारीक हाये वं अक्षर. अन् तुमाले त्रास होईन.

अंजनाबाई : होऊ द्या. तुम्ही झाकण धरून उभे राहा, मी वाचीन. वाचू का म्हणून इचारणार नाही.