सब मिला के कितना?

तू मोटरसायकल घेतोयस म्हणून सांगतो. मी घेतली तेव्हा बाबांना घेऊन इथल्या मुरार भागातल्या एका शोरूमात गेलो होतो. सेल्समननं किंमत सांगितली. बाबा म्हणाले, “भैया, सब मिला के कितना?”

एकदा नाही, तीनदा विचारलं. मलाच लाज वाटली. म्हटलं, “बाबा, किंमत बोर्डावर लिहिलीये ना! तुम्ही तिकडे बसून चहा घ्या बरं.” ते जाऊन बसले.

मग बिल आलं. रजिस्ट्रेशन, विमा, वर कसला तरी हँडलिंग चार्ज. अठरा हजार जास्त! माझ्याकडे बोर्डावरच्या किमतीएवढेच होते. बाबा उठले आणि त्यांनी वरचे पैसे काउंटरवर ठेवले. घरूनच घेऊन आले होते.

“मी विचारत होतो ना,” एवढं जरी म्हणाले असते, तरी बरं झालं असतं रे.