जिवलग मित्राचं नाव

हसू नका, पण परवा सकाळी दुकानात चपलांचे जोड लावत होते, तेवढ्यात मेसेज आला. आपल्या वेबसाइटचं डोमेन आठ दिवसांत संपतंय, रिन्यू करा. बाहेरगावच्या सगळ्या ऑर्डरी त्या वेबसाइटवरच येतात. डोमेन यांनी घेतलेलं, आणि यांना जाऊन पाच महिने झाले. पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही.

यांचे शाळेपासूनचे मित्र इकबालभाई शाहूपुरीतून धावत आले. त्यांनी 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: तुमच्या जिवलग मित्राचं नाव काय? खाली सूचना होती, फक्त तीन संधी.

"ह्यात काय इचार करायचा, वहिनी?" म्हणत त्यांनी ऐटीत स्वतःचं नाव टाकलं. चूक.

त्यांनी स्पेलिंग पुन्हा तपासून बघितलं. मग म्हणाले, "तुमचंच असणार की. बायकोम्होरं आमी कोण?"

मला उगाच लाजल्यासारखं झालं. तरी माझं नाव टाकलं. तेही चूक.

आम्ही एकमेकांकडे संशयानं बघू लागलो.

"इकबालभाई, रोज संध्याकाळी तुमच्याकडेच तर असायचे ना?"

"अर्धा तास, वहिनी. चहा झाला की उठायचा. बायको वाट बघती म्हणायचा."

"मला तर सांगायचे, इकबालनं दोन तास सोडलंच नाही."



एक संधी शिल्लक आहे. आम्ही ती अजून वापरलेली नाही.