मोठ्याचा खोका

साहेब : आजी, हा आवाज तुमच्या भाच्याचा आहे की नाही, एवढंच सांगा.

सोनूबाई : असंल. मोबाईलमधनं सगळी मानसं सर्दी झाल्यागत बोलतात.

रितेश : आत्ये! मला ओळखत नाहीस तू?

सोनूबाई : तुला ओळखतंय रे. मोबाईलला नाय ओळखत.

साहेब : कॉन्स्टेबल, तुम्ही गप्प बसा. निलंबित माणसानं साक्षीदाराला पढवायचं नसतं. आजी, परत लावतो, नीट ऐका.

(साहेब रेकॉर्डिंग लावतात. रितेशचा आवाज : "अस्लमभाई, दोन पेट्या नि एक खोका मिळाला. टेम्पो सोडलाय मी. खोका मोठ्याचा आहे, उद्या पोचवतो.")

साहेब : ऐकलं? त्या दिवशी हे नाक्यावर ड्युटीला. अस्लमचा टेम्पो आला, थांबला, पावती न फाडता निघून गेला.

रितेश : कागद सगळे बरोबर होते साहेब, पावती कसली फाडू? अस्लमभाईंचा फोन आपोआप रेकॉर्डिंग करतो. माल पोचला हे कळावं म्हणून त्यांनी ते आत्याकडे पाठवायला घेतलं, ते गेलं टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर. तिथनं सगळ्या जिल्ह्यात.

साहेब : मी मूळचा अमरावतीचा, पण वीस वर्षं मुंबईत काढलीत बाप्पा. पेटी म्हणजे एक लाख आणि खोका म्हणजे एक कोटी. तिथं शेंबडं पोरही सांगेल.

सोनूबाई : अगो बाई! एका टेम्पोपायी कोटभर रुपये? टेम्पो काय सोन्याचा होता?

साहेब : तेच मला विचारायचं आहे. अस्लम म्हणतो, आंबे होते आणि ते तुम्ही पाठवले. पण तो स्वतः यात अडकलाय, त्याचा शब्द चालत नाही. तुम्ही सांगा. पाठवले होते आंबे?

सोनूबाई : आठवत नाय.

रितेश : आत्ये!

सोनूबाई : वय झालं बाबा. सकाळी चहा घेतला काय नाय, ता पन आठवत नाय.

रितेश : दीडशे कलमांतल्या कुठल्या कलमाला यंदा किती मोहर आला ते बोटावर सांगतेस, आणि हे आठवत नाही? पोलीस लाईनीत माझ्या बायकोला, नम्रताला, करोडपतीण म्हणतात गं. नळावर गेली की बायका म्हणतात, वाट द्या, वाट द्या, करोडपतीण आली. अर्ध्या पगारात घर चालवणारी करोडपतीण! रात्री डोळ्याला डोळा लागत नाही तिच्या.

सोनूबाई : अर्धा तर अर्धा, घरी बसून देतात ना? आमच्या नशिबी तेवढा पन नाय. जरा दम धर की. आंबा संपला म्हंजे मला सगळं आठवंल.

साहेब : आंबा संपल्यावर? काहून?

रितेश : थांबा साहेब, आता कळलं. आत्ये, वानरांपायी करतेस तू हे! मी सव्वा महिना रोज बागेत येतोय, म्हणून...

सोनूबाई : मग? पोरगा माझा मुंबैला, गडी गेला आखातात. वानरं बाईमानसाला भीत नाहीत, दात दाखवतात. ह्याची नुसती शिट्टी ऐकली की पार व्हाळापलीकडं पळतात. एवढ्या वरसांत पयल्यांदा बाग राखली गेली माझी.

साहेब : एक मिनिट. म्हणजे हे तुमच्या बागेत कामाला आहेत?

रितेश : मेलो.

साहेब : निर्वाह भत्ता घेताना तुम्ही लिहून दिलंय, कॉन्स्टेबल. "मी अन्य कोणतीही नोकरी वा धंदा करीत नाही." खाली सही आहे तुमची. आजी, काय देता याला?

सोनूबाई : देतंय कसलं? दोन टाइम जेवान.

साहेब : म्हणजे मोबदला.

सोनूबाई : साहेब, भाच्याला जेवायला वाढलं तर तुमच्यात मोबदला म्हनतात?

साहेब : तसं नव्हे...

सोनूबाई : मग कसं? आनि ह्यो काम करतो म्हनून कुनी सांगितलान? अवो, आडवा पडून असतो झाडाखाली. शिट्टी पन पडल्या पडल्या मारतो. ह्याच्यापरीस बुजगावनं बरं, ता निदान हुभं तरी ऱ्हातं! उगाच माझ्या पोराच्या पोटावर पाय देऊ नका. लिवा, मी सांगतंय सगळं.

साहेब : आठवलं वाटतं?

सोनूबाई : आठवायला विसरलेली कधी? दोन पेट्या मीच धाडल्या, पाच-पाच डझनाच्या. एक ह्याच्या घरी, एक नम्रताच्या माहेरी. आनि खोका एक डझनाचा, पुठ्ठ्याचा.

साहेब : पेटी मोठी आणि खोका लहान?

सोनूबाई : आमच्यात तसंच. मुंबैला सगळं उलटं.

साहेब : बरं. मग हा मोठा कोण? नाव घ्या. घाबरू नका, कितीही वरचा असला तरी मी लिहून घेतो.

सोनूबाई : लय वरचा हाय. हेदवीला असतो. दहा हातांचा.

साहेब : दहा हातांनी घेतो?

रितेश : साहेब, गणपती. हेदवीचा दशभुज. ते आत्याचं माहेर. बागेतला पहिला डझन ती दरवर्षी त्याला पाठवते, मी नेऊन देतो. घरात आम्ही त्याला मोठाच म्हणतो.

सोनूबाई : दहा हात हायत साहेब, पन अजून एक बी पुढं केला नाय त्यानं.

साहेब : ... हे असं नाही लिहिता येणार आजी. "देवस्थानास अर्पण" लिहितो. इथं सही करा.

सोनूबाई : सही केली म्हंजे ह्यो सुटला?

साहेब : बँक तपासून झाली आहे, घर तपासलं आहे, कुठं काही नाही. तुमचाच जबाब राहिला होता. आज अहवाल गेला तर सोमवारी हे वर्दीत.

सोनूबाई : सोमवारी.

रितेश : मी सुट्टीच्या दिवशी येईन गं आत्ये. दर रविवारी.

सोनूबाई : वानरांना रविवार कळत नाय रे. जाऊं दे. आना ता पेन. नम्रताला सांग, उद्या नळावर मान वर करून जा म्हनावं... हं. झाली सही. बघा, वाचता येते ना?

साहेब : येते. छान. आत्ताच मेलवर पाठवून देतो.

सोनूबाई : मेल म्हंजे लगेच जातं?

साहेब : लगेच. बटन दाबलं की गेलं.

सोनूबाई : साहेब, टपालानं नाय का जमायचं? अर्धी कलमं उतरायची हायत अजून.