ऑक्टोबरची छाटणी

— नाही, खत नको घालूस, नेत्रा. लॉनचं खत तर अजिबात नको, झाडाला नुसती पानं येतील, फुलं नाहीत. तुझा लायलॅक उपाशी नाहीये, म्हातारा झालाय — बघ ना इथून, कुंपणावरून, खाली कमरेपर्यंत नुसत्या काठ्या आणि पानं सगळी वर. माझाही असाच होता. खरंच. हा आत्ता जमिनीपासून भरगच्च दिसतोय ना, तो तू घर घ्यायच्या तीन-चार वर्षं आधी पाहिला असतास तर म्हणाली असतीस, काकू, उपटून टाका.

बरं, ऐक. सगळ्यात जाड, जुनी खोडं बघायची आणि त्यातला तिसरा हिस्सा कापायचा — अगदी जमिनीलगत, अर्धवट नाही. भीती वाटते, माहितेय. मी पहिल्यांदा करवत घेऊन अर्धा तास नुसती उभी होते. पुढच्या वर्षी आणखी तिसरा हिस्सा, त्याच्या पुढच्या वर्षी उरलेली. खालून नवे कोंब येतात, त्यातले जोमाचे ठेवायचे. आणि हे कधी करायचं? फुलं संपली की लगेच. फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. नंतर हात लावायचा नाही, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या तो याच उन्हाळ्यात धरतो, शेंड्यांवर — आपल्याला कळत नाहीत, पण असतात. ऑक्टोबरमध्ये शेंडे छाटले की पुढचा मे गेला.

मनोहर ऑक्टोबरमध्येच छाटायचा. माझा नवरा. दिवाळीला लोक येणार, यार्ड साफ दिसलं पाहिजे — ट्रिमर घेऊन वरून सरळ रेषेत, एकसारखं. इंजिनिअर ना. मग मेमध्ये कॉफीचा कप घेऊन रोज सकाळी इथे येऊन बघायचा. काही नाही. माती तपासून घेतली, चुना घातला, ऊन किती तास पडतं ते लिहून ठेवलं. मला विचारायचा, काय चुकतंय गं, शैला? मी म्हणायचे, मला काय माहीत.

माहीत होतं.

तुझ्या घरात आधी डोरोथी म्हणून बाई राहायची. तिने मला सांगितलं होतं, याच कुंपणावरून — तुझ्या नवऱ्याला सांग, तो फुलंच कापतोय. मी आत आले, हात धुतले, कणीक मळली, आणि सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, मग कधीच नाही. अकरा वर्षं.

असं बघू नकोस. म्हणजे — बघ, ठीक आहे.

डोरोथीने सांगितलं त्याच्या आदल्या वर्षी माझी आई वारली, नागपूरला. आधी भावाचा फोन आला, आई फार आजारी आहे, ये म्हणून. आमचा ग्रीन कार्डचा अर्ज भरलेला होता, बाहेर जाऊन परत यायचा कागद हातात नव्हता. मनोहर म्हणाला, थांब, कागद येऊ दे, आत्ता गेलीस तर परत येऊ देणार नाहीत, रीमा — आमची मुलगी — सातवीत आहे. मी थांबले. फोननंतर अकराव्या दिवशी आई गेली, कागद एकोणिसाव्या दिवशी आला. आणि तो बरोबर होता गं, तेच तर. चुकला असता तर भांडले असते, रडले असते, संपलं असतं. बरोबर असलेल्या माणसाशी काय भांडणार? मग मी सांगणंच सोडलं. बोलायचे, हो — भाजी काय करू, रीमाला आणायला कोण जातंय — पण मनातलं काही नाही. मला वाटायचं, विचारेल कधीतरी. लायलॅकचं नाही, माझं. काय चुकतंय गं, शैला — तेच वाक्य, फक्त माझ्याकडे बघून. तो मातीचंच विचारत राहिला.

चार वर्षं झाली त्याला जाऊन. फेब्रुवारीत गेला, झोपेतच. त्या ऑक्टोबरला कुणी छाटलं नाही — कोण छाटणार, मी तर बाहेरही येत नव्हते. आणि पुढच्या मेमध्ये पार वर, माझा हात पोचणार नाही तिथे, चार तुरे आले. चारच. मी या पायरीवर बसले आणि — जाऊ दे. मग दुकानातून करवत आणली.

यंदा किती आलेत ते मोजताही येत नाहीत. रीमाला फोटो पाठवला, हर्नडनला असते ती. तिने हार्ट पाठवलं. बाबा वुड हॅव लव्ह्ड इट, म्हणाली. तिला काय माहीत. तिला हे सांगितलेलं नाही. कुणालाच नाही, आणि तुला तरी का सांगितलं, तू तर झाडाचं विचारायला आलीस —

नाही, तसं म्हणू नकोस. मी विसरले नव्हते. विसरले असते तर बरं होतं. दर मेमध्ये त्याला इथे उभं असलेलं बघायचे, किचनच्या खिडकीतून, आणि सांगायचे नाही.

नको, थांबू नकोस. पाणीबिणी काही नको. तू जा आता. गेट जरा जोरात ओढ, नीट लागत नाही ते.